देवळी बुटकी कशी झाली?

"ताई, बघ! पोचला माझा हात!"

मांथोसने देवळीचं काचेचं दार स्वतः उघडलं होतं. तेही टाचा न उचलता! गेल्या उन्हाळ्यात योर्दानिसला त्याला कमरेला धरून उचलावं लागलं होतं, आणि त्या उपकाराबद्दल योर्दानिस वर्षभर त्याला 'पिशवी' म्हणून हाक मारत होता.

"वाढलास की रे पिशव्या!" योर्दानिस म्हणाला.

आर्गिरो हसली आणि लगेच थांबली, कारण आई हसली नव्हती. हातात तेलाची बाटली धरून आई रस्त्याच्या कडेला उभी होती. ती देवळीकडे बघतच नव्हती. ती समुद्राकडे बघत होती.

"इथून समुद्र दिसत नव्हता," आई म्हणाली.

आमच्या बेटांवर रस्त्यात कुणी दगावलं, तर त्याच जागी त्याची देवळी उभारतात. चार लोखंडी पाय, वर कबुतराच्या खुराड्याएवढं देऊळ. आत एका संताची तसबीर, तेलाचा दिवा आणि गेलेल्याचा फोटो. या देवळीतला फोटो स्त्रातिसचा होता. आर्गिरो आणि मांथोसचा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांचा, कुणाचा तरी काळा चष्मा घालून हसणारा. चार वर्षांपूर्वी तो गेला आणि आई मुलांना घेऊन पिरेआस शहरात राहायला गेली. दर जुलैत मात्र ती बोटीने वेलानी बेटावर यायची आणि घराचं कुलूप काढण्याआधी इथे येऊन दिवा लावायची. गेल्या वर्षीसारखाच या वेळीही तिथला शेजारचा योर्दानिस सुट्टीला बरोबर आला होता, आणि आईची बहीण एव्दोकियामावशीही.

"कालिओपी, हिवाळ्यात रस्ता नवा केलाय," एव्दोकियामावशी हळूच म्हणाली. "म्हणून वेगळं वाटतंय तुला."

"रस्ता नवा केला की समुद्र सरकतो का गं?"

मावशी शाळेत गणित शिकवायची. ती रस्ता आणि समुद्र यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजू लागली.

तेवढ्यात पांताझिसकाकांचा टेंपो शेजारी येऊन थांबला. बंदरावर प्रवाशांना गाड्या भाड्याने देण्याचं त्यांचं दुकान होतं.

"काय झालं, कालिओपीबाई?"

"ही ती जागा नाही, पांताझिस."

पांताझिसकाकांनी देवळीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि मग स्टिअरिंगकडे बराच वेळ पाहिलं.

"अहो, असं कसं? इथेच तर होती! देवळीला काय पाय फुटलेत चालायला?"

एवढं बोलून ते निघून गेले. टेंपो जरा जास्तच जोरात गेला.

गावात शिरताना आईने पापा-झीसिसना विचारलं. ते गावचे पाद्री. त्यांनी दाढी कुरवाळली आणि ते म्हणाले, "पोरी, दुःखात आठवणी फसवतात माणसाला." मग तिने ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना विचारलं. अध्यक्षांनी कुणी न मागता हमीच दिली. "तिथेच होती! पहिल्यापासून! लिहून देतो!"

तेलाची बाटली तशीच भरलेली घरी आली. चुकीच्या जागी दिवा कसा लावायचा, हे आईला कळेना. आणि जागा बरोबर असेल, तर आपलं काय चुकलं, तेही कळेना.

टेबलावर घेवड्याची उसळ निवत होती. आईने पाव तोडला आणि तसाच ठेवून दिला.

"तीन माणसं एकच सांगतायत," ती म्हणाली. "म्हणजे मीच विसरले. माझा मुलगा जिथे पडला ती जागा मी विसरले, एव्दोकिया. आज जागा विसरले, उद्या त्याचा चेहरा विसरेन."

ती उठून आतल्या खोलीत गेली. मांथोसला वाटलं, काहीतरी चांगलं व्हायला हवं.

"माझी उंची घ्या ना!" तो म्हणाला. "मी केवढा वाढलोय!"

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर उन्हाळ्यात पेन्सिलीने खुणा करायची त्या घराची पद्धत होती. एका बाजूला आर्गिरो आणि मांथोसच्या खुणा. दुसऱ्या बाजूला स्त्रातिसच्या, खूप वरपर्यंत गेलेल्या आणि तिथे थांबलेल्या. त्या बाजूला कुणी हात लावत नसे.

आर्गिरोने मांथोसच्या डोक्यावर वही ठेवून रेघ मारली.

"दोन बोटं," ती म्हणाली.

"फक्त दोन?"

"दोनच. आणि त्यातलं एक तुझ्या केसांचं असेल."

"थांबा, थांबा!" योर्दानिस ताडकन उठला. "गेल्या वर्षी याचा हात दाराच्या कडीपासून चांगला वीतभर खाली राहिला होता. उचलायला मीच होतो ना! दोन बोटं वाढून वीतभर वर कसा पोचला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाई!" योर्दानिसने हाक मारली. मावशी त्याला शाळेत गणित शिकवायची, म्हणून सुट्टीतही तो तिला बाईच म्हणायचा. "बाई, मांथोस वाढलेला नाही. देवळी बुटकी झालीय! कुणीतरी पाय कापून हलवलीय तिला!"

मावशीने हातातली ताटली खाली ठेवली.

"योर्दानिस," ती म्हणाली, "वर्षभरात तू सोडवलेलं हे पहिलं गणित."

सकाळी दुकान उघडायच्या आत मावशी आर्गिरोला घेऊन पांताझिसकाकांच्या दारात हजर होती.

"मला एक डुकरीण हवी."

चार जाडजूड चाकांच्या त्या बसक्या मोटारसायकलला प्रवासी काय म्हणायचं ते म्हणोत, आमच्याकडे तिला डुकरीणच म्हणतात. ती गुरगुरते, कुठेही घुसते, आणि एकदा कलली की कुणाचं ऐकत नाही.

"तुम्हाला, बाई?" पांताझिसकाका हसले. "या वयात?"

"माझ्या वयालाही एक हेल्मेट द्या. आणि या मुलीला एक."

काकांनी किल्ली दिली, हेल्मेटं दिली आणि सवयीप्रमाणे एक नकाशाही दिला. तो देऊन झाल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"तो... तो नको. जुना आहे तो."

"जुना?" आर्गिरोने तो आधीच उघडला होता. "यात तर नवा रस्ता दाखवलाय, काका."

देवळी आता जिथे उभी होती, नेमक्या त्या जागी नकाशात कॅमेऱ्याचं एक छोटं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: 'गोंडस छोटेसे देऊळ. सूर्यास्ताच्या फोटोसाठी उत्तम.'

आर्गिरोने ते दोनदा वाचलं. मग नकाशाची घडी घालून तिने तो खिशात टाकला.

डुकरिणीवर दोघांनाच बसता येत होतं. त्यामुळे योर्दानिस आणि मांथोस गाढवांच्या जुन्या पायवाटेने निघाले. ती वाट डोंगरावरून सरळ खाली येते आणि प्रत्येक वळणावर रस्त्याला मिळते. मावशी आणि आर्गिरो आधी रस्त्याने वरच्या गावापर्यंत गेल्या आणि तिथून परत फिरल्या.

"स्त्रातिस ज्या बाजूने आला, त्याच बाजूने यायचं," मावशी म्हणाली.

तो सुट्टीत पांताझिसकाकांच्या दुकानात काम करायचा. कुण्या प्रवाशाने पेट्रोल संपलं म्हणून वरच्या गावात सोडून दिलेली गाडी आणायला तो गेला होता.

मावशी इतकी सावकाश चालवत होती, की एका शेळीने मागून येऊन त्यांना गाठलं, थोडा वेळ सोबत केली आणि मग कंटाळून ती पुढे निघून गेली.

"मावशी, जरा तरी जोरात!"

"गप्प बस आणि बघ. समुद्र कुठे दिसत नाही ते सांग."

एक वळण गेलं, समुद्र दिसला. दुसरं गेलं, दिसला. पुढच्या वळणावर उजवीकडे काळा कडा उभा राहिला आणि समुद्र नाहीसा झाला. त्याच क्षणी डुकरीण कलली! चाकांखालची खडी सरसरत दरीकडे निघाली. मावशीने ब्रेक दाबला. गाडी आडवी होता होता थांबली.

मावशीने इंजिन बंद केलं.

"एवढ्या हळू येऊनसुद्धा," मावशी म्हणाली. तिचा आवाज शिक्षिकेचा राहिला नव्हता.

आर्गिरो उतरली. कड्याच्या भेगेतून एक खुरटं अंजिराचं झाड बाहेर आलं होतं. तिला ते एकदम आठवलं. ती आठ वर्षांची होती. आई रडत होती, आणि आपण कुठे बघावं हे न कळून ती त्या झाडाची पानं मोजत राहिली होती.

"इथेच!" ती ओरडली. "मुलांनो, इकडे या! इथेच!"

योर्दानिस आणि मांथोस पायवाटेवरून घसरतच खाली आले. झाडासमोर नव्या खडीचा ढीग होता. तिघांनी हातांनी खडी उपसायला सुरुवात केली. नखांत धूळ गेली, बोटं सोलली.

"सापडलं!" मांथोसला पहिला खुंट लागला. सिमेंटमध्ये घट्ट रोवलेला, करवतीने सपाट कापलेला लोखंडी खुंट. मग दुसरा, तिसरा, चौथा! मधल्या दगडावर एक काळपट डाग होता. मांथोसने त्यावर नाक टेकवलं.

"तेल आहे, ताई. आपल्या दिव्याचं तेल!"

तेवढ्यात वरून घरघर ऐकू आली. कुणीतरी डुकरीण घेऊन भरधाव खाली येत होतं!

"थांबा!" योर्दानिस वळणाकडे धावला. मावशीने गळ्यातला लाल रुमाल काढून उंच फडकावला. "थांबा! हळू!"

गाडीवर दोन तरुण प्रवासी होते. त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी खडीवरून घसरत थेट कडेपर्यंत गेली. एक चाक हवेत फिरत राहिलं. चालवणारा पोरगा उतरला तो पांढराफटक पडूनच.

"इथे काही खूण का नाही?" मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये त्याने विचारलं. "वळण वाईट आहे, हे माणसाला कळणार कसं?"

मांथोस त्या चार खुंटांकडे बघत होता.

संध्याकाळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात पाद्री आणि अध्यक्ष फाशांचा डाव मांडून बसले होते. पांताझिसकाका शेजारी बसून दोघांनाही चुकीचे सल्ले देत होते. आर्गिरो अगदी सभ्यपणे पुढे गेली. योर्दानिस आणि मांथोस तिच्या मागे, आणि मावशी खांबाआड.

"पाद्रीबाबा, आईने तुमचे आभार मानायला सांगितलेत."

"माझे? कशाबद्दल, पोरी?"

"देवळी हलवल्याचं तुम्ही पत्राने कळवलं होतंत ना? ते पत्र आज सापडलं तिला."

"छे, छे, माझे कसले आभार!" पापा-झीसिस विनयाने म्हणाले. "कळवायचं अध्यक्षांकडे होतं."

"माझ्याकडे?" अध्यक्षांच्या हातातले फासे तसेच राहिले. "फोन पांताझिस करणार होता!"

"मी? तुम्ही दोघं म्हणालात की आम्ही बघतो!"

आपण काय बोलून बसलो, हे तिघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. सारं गाव ज्या गोष्टीवर दोन दिवस मूग गिळून बसलं होतं, ती आता चौकातल्या टेबलावर फाशांशेजारी पडली होती.

"म्हणजे हलवली होती," आर्गिरो म्हणाली.

"आणि काका," मांथोस पुढे आला, "तुम्ही विचारलं होतंत ना, देवळीला पाय फुटलेत का? पाय तिला होतेच. तिथेच राहिलेत ते. आम्ही बघून आलो."

"थोडीशीच तर सरकवली," अध्यक्ष पुटपुटले. "रस्त्याच्या कामात..."

"आणि विचारल्यावर खरं का नाही सांगितलंत?" मावशी खांबाआडून बाहेर आली.

"आधी पांताझिस तसं बोलून बसला," पाद्री खाली मान घालून म्हणाले. "मग आम्हाला वेगळं कसं बोलता येणार?"

"एका आईला वेडी ठरवणं त्यापेक्षा सोपं वाटलं तुम्हाला. बरं, आता तिला कोण सांगणार? की पुन्हा एकमेकांवर सोडताय?"

पांताझिसकाका उठले. टोपी हातात घेऊन ते मुलांसमोर उभे राहिले.

"गिऱ्हाईकं विचारायची, ते वळणावर काय आहे म्हणून," ते म्हणाले. "मी सांगितलं की घाबरायची. पण तेवढंच नव्हतं. तो माझीच गाडी आणायला गेला होता, बाळांनो. आणि मला रोज तिथूनच जावं लागतं."

ते एकटेच घराकडे चालू लागले. आत ते आईशी काय बोलले, मुलांना कळलं नाही. दार बराच वेळ बंद होतं. आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण ती ताठ उभी होती.

"मी विसरले नव्हते," ती आर्गिरोला म्हणाली. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "नव्हते विसरले मी."

दुसऱ्या दिवशी पांताझिसकाकांनी देवळी मूळ जागी आणून स्वतःच्या हाताने तिला जुने पाय जोडले. नकाशांचा गठ्ठा त्यांनी दुकानामागे जाळला. अध्यक्षांनी खडी उचलायला माणसं लावली आणि वळणाआधी पाटी ठोकून घेतली. मग त्यांनी रस्त्यातच भाषण केलं: अशा चौकस, धीट मुलांचा वेलानीला अभिमान वाटतो, वगैरे. पापा-झीसिस म्हणाले, की मोठ्यांना जे जमलं नाही ते या पोरांनी करून दाखवलं. मोठ्यांनी नेमकं काय करायचं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. योर्दानिसने वाकून अभिवादन केलं. आर्गिरोला मात्र वाटत होतं, आता यांनी जावं.

ते गेले. सूर्य कड्यामागे उतरला. समुद्र दिसत नव्हता. कडा होता, अंजिराचं झाड होतं आणि स्त्रातिस काळ्या चष्म्यातून हसत होता.

मांथोसने हात वर केला. टाचा उचलल्या. बोटं दाराच्या कडीच्या खालीच राहिली.

"ये पिशव्या, उचलतो," योर्दानिस म्हणाला.

"थांब," आई म्हणाली. तिने मांथोसला स्वतः उचललं. तो आता जड झाला होता, तरी तिने उचललं. त्याने दार उघडलं, आर्गिरोने तेल घातलं, आईने वात लावली.

"पुढच्या वर्षी पोचशील हं तू," ती म्हणाली.

"नको. तूच उचल."

वरून घरघर ऐकू आली. एक डुकरीण येत होती. आईने मांथोसला खाली ठेवलं नाही. तिची बोटं त्याच्या सदऱ्यात घट्ट रुतली. वळणाच्या तोंडाशी आवाज मंदावला. स्वाराने दिवा पाहिला होता. गाडी अगदी हळू, चालत्या माणसासारखी त्यांच्यापुढून गेली, आणि आई तो आवाज ऐकत राहिली. पुढच्या वळणापर्यंत, त्याच्याही पुढच्या वळणापर्यंत, पार खाली बंदरात तो विरून जाईपर्यंत.

"पोचला," आई म्हणाली.