ओलं माजघर

"किल्ली दे, मोठी माय. शेवटचं सांगतो."

"शेवटचं असेल तर बरंच झालं. आता गप्प बस."

"शेठ एवढ्या उन्हात अमळनेरहून आले. घर घ्यायचं तर माजघर बघायला नको त्यांना?"

"ओसरी बघितली, चूल बघितली, धाब्यावरही चढून आले. राहिलेलं न बघता घ्या म्हणावं."

लीलाधरनं कपाळाला हात लावला. रुपचंद शेठ खाटेवर बसून बशीतला चहा फुंकत होते. माणूस हसरा. म्हणाले, "अक्का, आत सोन्याचा हंडा असला तर तो तुमचाच. आम्हाला नुसत्या भिंती दाखवा."

त्यांची बायको सुनंदाबाई पदरानं वारा घेत माझ्या पायाकडे बघत होती. माझ्या डाव्या पायाला करंगळी नाही, ज्वारी कापताना विळ्यानं गेली. नवी माणसं आधी तिकडेच बघतात. मी पाय झाकला नाही. किल्ली कमरेला होती, तीही काढली नाही.

हे भांडण माजघरावरून का पेटलं, ते आधी सांगते. मी शाळेत गेलेले नाही. गुळाच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षर शिकले, आणि गावातल्या चार शिकलेल्यांपेक्षा सरळ लिहिते. भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगू लागलं की मी तोंडावर हसत आले. तेव्हा पुढचं वाचून कुणाला हसायचं असेल तर हसावं.

लीलाधर माझ्या धाकट्या जावेचा, वच्छलाचा मुलगा. पटकीच्या साथीत वच्छला गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला मी वाढवला. आता भुसावळला रेल्वेत कारकून आहे. घरातली माणसं एकेक करून गेली, आणि राहिले मी. होळीला तो आला आणि घर विकायचं ठरवून गेला. मला विचारलं नाही, सांगितलं. त्याच्या क्वार्टरात व्हरांडा आहे, त्यात माझी खाट मावेल म्हणाला. मापही घेऊन गेला.

मग घराची सजावट सुरू झाली. धाब्यावर, म्हणजे वरच्या मातीच्या छतावर, नवी खारी माती पडली. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा झाला, चुलीमागची काजळी खरवडून निघाली, दारांना तेल लागलं. घर मोठं दिसावं म्हणून कणग्या, उतरंडी, पाट, पेट्या बैलगाडीत भरून गेल्या. बसायला एवढा एक पाट मी ठेवून घेतला. शेवटी तो म्हणाला, "मोठी माय, गिऱ्हाईक येईल तेव्हा तुझ्या गोधड्या दिसू देऊ नको. म्हातारं माणूस एकटं राहतं असं दिसलं की लोकांना घर उदास वाटतं."

मी गोधड्याही बांधल्या. त्या घरात मी राहत होते याची एक खूण ठेवली नाही. बोललं की भिंतींवरून माझाच आवाज परत येई. मग बोलायचंही सोडलं.

सारवण तेवढी माझ्याकडे होती. वैशाखातली दुपार. आमच्याकडे त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं लावून सगळा गाव पडलेला असतो, आणि ऊन एकटंच हिंडत असतं. ओसरी सारवून झाली नि माझी कंबर धरली. माजघर उतरत्या उन्हात सारवू म्हटलं, शेणकाल्याचं घमेलं उंबऱ्याशी ठेवलं आणि तिथंच, माजघराच्या दाराला पाठ लावून टेकले. माजघराला ते एकच दार. खिडकी नाही, धाब्यात एक झरोका तेवढा.

डोळा लागला होता की नव्हता, सांगता येत नाही. पाठीमागून आवाज येत होता.

सर्र... सर्र... सर्र...

ओला हात जमिनीवरून फिरतो तसा. आणि प्रत्येक फेऱ्याला बांगड्यांची किणकिण. माझ्या हातातल्या बांगड्या जाऊन फार वर्षं झाली. ओल्या शेणाचा, मातीचा वास दाराच्या फटीतून माझ्या मानेवर येत होता. थंड. त्या उन्हात थंड. मी हलले नाही. हात लांब गेला, आणखी लांब गेला, पार पलीकडच्या भिंतीशी गेला आणि थांबला.

मग आतून हळूच आलं, "अक्का... पाट टाक ना."

मी उठले. उंबऱ्याशी घमेलं नव्हतं. दार उघडलं. झरोक्यातून उजेडाचा एक खांब उतरला होता आणि त्यात सगळं माजघर ओलं चकचकीत दिसत होतं.

सारवण कशी करतात ते बायांना सांगायला नको, पण पुरुषांसाठी सांगते. आतल्या भिंतीपासून सुरू करायचं आणि मागं सरकत दारातून बाहेर पडायचं. ही सारवण दारापासून सुरू होऊन आत गेली होती. हाताचे अर्धगोल सगळे उलटे, डाव्या हाताचे. बाहेर येणारं एक पाऊल नाही. पलीकडच्या कोपऱ्यात घमेलं, आणि त्याच्याशेजारी दोन पावलांपुरती जमीन कोरडी. तिथं उभं राहून कुणीतरी सभोवार सारवून घ्यावं तशी.

वच्छला डावरी होती. तिच्या माहेरच्या घराला समोरासमोर दोन दारं. एका दारातून सारवत शिरायचं नि दुसऱ्यातून निघायचं, हीच तिच्या हाताची सवय. आमच्याकडे नवी नवरी आली तेव्हा पहिल्याच दिवशी माजघराच्या कोपऱ्यात अडकली. पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "अक्का, बठ्ठं सारवी टाकं, मी मातर मझारच राही गऊ." म्हणजे, सगळं सारवून टाकलं, मी मात्र आतच राहून गेले. मी पाट टाकला, त्यावर पाय देऊन उडी मारत ती बाहेर आली. सासू ओरडायची, पण सवय काही गेली नाही. दर सारवणीला ती कोपऱ्यात नि मी दारात. जमीन वाळेपर्यंत कधी कधी मी मुद्दामच पाट टाकत नसे. तेवढ्याच दोघींच्या गप्पा. कामाच्या घरात दुसरा निवांतपणा नव्हता.

साथीत तिला गावाबाहेर रोग्यांसाठी घातलेल्या मांडवात नेलं. तिथून घरी कुणालाच परत आणत नसत.

मी दारातून म्हटलं, "वच्छे..."

मी दार ओढलं आणि कुलूप घातलं.

वैशाखातली सारवण घटकेत वाळते. दुसऱ्या दिवशी बघितलं तर माजघर ओलं. तिसऱ्या दिवशीही ओलं. हात लावला तर बोटाला शेण लागलं. आणि रोज दुपारी, गाव पडला की, आतून तेच, "अक्का, पाट टाक ना." मी पाट घेऊन दाराशी बसायची. टाकायची नाही. घाबरत होते, खोटं कशाला सांगू. पण ती दुपार व्हायची मी सकाळपासून वाट बघत होते, हेही खरं. त्या रिकाम्या केलेल्या घरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोण होतं?

आता परत भांडणाकडे.

"शेवटी कुलूप तोडावं लागेल मला," लीलाधर म्हणाला. "लोकांसमोर तमाशा करू नको."

"तमाशा तू मांडलास. घराला पावडर लावून बसवलंस."

"तुझ्यासाठीच ना? इथं एकटी मरून पडलीस तर कळेल तरी का कुणाला?"

ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं. मी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि बाजूला झाले. "बघ," म्हटलं. "पाय मात्र आत टाकू नको."

वास बाहेर आला. शेठ म्हणाले, "वा, आजच सारवलंय की. काय गार आहे."

सुनंदाबाई त्यांच्या मागून वाकून बघत होती. तिचा वारा घेणारा पदर थांबला. जमिनीवरून तिची नजर दारापासून आत गेली, कोपऱ्यापर्यंत गेली, परत दारापर्यंत आली. तिनं नवऱ्याचं मनगट धरलं.

"चला."

"अगं, बघू तर दे..."

"सारवणारी बाहेर कुठून आली?" ती एवढंच बोलली. मग तिची नजर पुन्हा कोपऱ्यात गेली, आणि तिथून माझ्या डाव्या पायाकडे. पदर तोंडाशी धरून ती ओसरी उतरली. शेठ कपबशी तशीच टाकून तिच्यामागं गेले. उन्हात त्यांचा टांगा वाजत लांब गेला.

ती माझ्या पायाकडे का बघून गेली, म्हणून मी वाकले. कोपऱ्यातली दोन कोरडी पावलं तिथंच होती. त्यांच्याशेजारी, काल नव्हती अशी, आणखी दोन पावलांची जागा कोरडी सोडलेली होती. कडेनं बोट फिरवून नीट आखावी तशी. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

लीलाधरला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला ओली जमीन दिसत होती आणि हातचं गेलेलं गिऱ्हाईक. "काय केलंस तू हे, मोठी माय?" तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी रडायचा तसा झाला होता. "मी जमीन वाळवून घेतो. खाली काय पाणी मुरलंय ते खणून बघतो. पण आज तू माझ्याबरोबर चल. पाट आण तो, मी आत जाऊन बघतो..."

खाटेखालचा पाट त्यानं ओढून काढला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि छातीशी धरला.

"तू भुसावळला जा, लीलाधर," मी म्हटलं, "तुझ्या मायनं तिच्याशेजारी माझ्यापुरती जागा कोरडी ठेवली आहे."