तांबड्या माठाचा वाफा

"विष कोणतं ते कळवा. नाव कळलं तरच नेमका उपचार करता येईल," डॉक्टरांनी सांगितलं, आणि मार्सेलचं डोकं चालेनासं झालं. एरवीही ते बेताचंच चालतं, असं सरोजिनी राऊत म्हणायची. आज मात्र ती त्याला हाताला धरून थेट शाळेकडे घेऊन निघाली.

सरोजिनी खासगी गुप्तहेर, मार्सेल तिचा मदतनीस. दवाखान्यात पडलेली नताशा त्याची सख्खी पुतणी. होळीच्या चौकाजवळच्या तिच्या शाळेत मुलांची बाग होती: पावसाळ्यात शिराळी, थंडीत वाल, आता उन्हाळ्यात तांबडा माठ. शुक्रवारी दुपारी मुलांनी माठ खुडून घरी नेला. शनिवारी उरलेला वाफा पार करपला. त्याच रात्री नताशाने भाजी खाल्ली आणि आज रविवारी सकाळी वाफ्यात विष गेल्याची बातमी ऐकताच तिला उलटी झाली. भीतीने की विषाने, कोणालाच सांगता येईना.

बागेत विनिता टीचर रडवेल्या होऊन उभ्या होत्या. "बाकीच्यांनी शिजवलाच नव्हता हो. फक्त नताशाच्या घरी..."

"पाणी कोणी दिलं?" सरोजिनीने विचारलं.

"मीच. शुक्रवारी मुलं माठ घेऊन गेल्यावर पंप लावला आणि मीटिंगला गेले. परत येते तर नारळाचं आळं तुडुंब भरून पाणी पाटाने खाली चाललेलं."

बांधावरच्या त्या नारळापासून पाट थेट माठाच्या वाफ्यात उतरत होता. पाटाकाठचं गवतही पिवळं पडलं होतं. नारळ हिरवागार होता. वाफ्यात शिरलेली एक शेळी मन लावून माती चाटत होती. मार्सेलने तिला हाकललं.

कुंपणापलीकडे शेजारी नरहरीची केळीची वाडी. तो कुंपणालगतच उभा होता.

"तणनाशक मारलंत?" सरोजिनीने विचारलं.

"मारलं की, शुक्रवारी. माझ्या बांधावर."

मार्सेलने कुंपणावरून हात घालून त्याची कॉलर पकडली. "पोरगी मरेल माझी! कुठलं औषध, बोल!"

"पोरांच्या ताटात विष कालवीन मी?" नरहरीचा आवाज चिरकला. "बाटली दाखवतो, चल."

सरोजिनीने मार्सेलला मागे ओढलं. कुंपणाच्या शाळेकडच्या बाजूला गुडघाभर हिरवं तण माजलं होतं. ती ते बघत राहिली.

शेडजवळ इग्नेशियस अंकल बसले होते. शाळेचे नारळ तेच हौसेने सांभाळत. "मी शुक्रवारी सकाळी नारळाला खुराक दिला नि चर्चमध्ये मिस्साला गेलो," ते म्हणाले. "हे काम नरहरीचंच, दुसरं कोण करणार?" त्यांच्या मागे बांबूवर गोणपाट टाकलं होतं. कडक उन्हातही ते दमट होतं.

तेवढ्यात दवाखान्यातून वहिनीचा फोन आला. "मार्सेल, डॉक्टर परत विचारतायत रे!"

सरोजिनीने सगळ्यांना नारळाखाली बोलावलं.

"तणनाशक वाऱ्याने आलं असतं, तर आधी कुंपणालगतचं तण मेलं असतं. ते डुलतंय. मग मेलं ते काय? पाटाकाठचं गवत आणि पाट जिथे संपतो तो वाफा. म्हणजे जे आलं ते पाण्यातून आलं, आणि नारळाच्या आळ्यातून आलं. पण नारळाला काहीच झालं नाही. नारळाला मानवतं आणि माठाला मारतं, असं काय आहे? शेळीला विचारा. ती माती का चाटत होती? आणि उन्हात टाकलेलं गोणपाट ओलं का राहतं?" ती वळली. "अंकल, खुराक म्हणजे काय दिलंत?"

"मीठ," अंकल गोंधळून म्हणाले. "मिठागरातलं. बाबा द्यायचे तसंच. फळं गळत होती म्हणून यंदा गोणीभर..."

"शेळी मिठासाठीच चाटत होती, गोणपाटालाही मिठामुळेच ओल सुटली. वर टीचरांचा पंप सुरू राहिला. सगळं मीठ विरघळून वाफ्यात उतरलं. पण ते मुलांनी माठ खुडून नेल्यानंतर. नताशाने खाल्ली ती चांगली भाजी. मार्सेल, फोन लाव."

मार्सेलने फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, नताशाच्या तपासण्याही चांगल्या आल्याचं सांगितलं. अंकल तोंड झाकून रडत होते. टीचर त्यांच्याशेजारी मातीतच बसल्या.

मग फोनवर नताशा आली. "काका, मी मरणार नाही ना?"

मार्सेलने डोळे पुसत आजूबाजूला बघितलं आणि "तूच सांग तिला," म्हणत फोन नरहरीच्या हातात दिला.

नरहरी फोन कानाला लावून म्हणाला, "नाही गं बाय. काही खाल्लंस की नाही सकाळपासून?"