सर ॲडमच्या मुलाचं बारसं

२००१ सालच्या जानेवारीतल्या शेवटच्या गुरुवारी दुबईच्या रास अल खोरमध्ये पाऊस पडला. एकूण बावीस मिनिटं. पण तेवढ्यानं तिथल्या रस्त्यांची तळी झाली, कारण पाणी वाहून जायला वाट हवी हे गोदामं बांधणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. काखेत कागदांची लांबलचक नळी धरून सुचित्रा एका छापखान्याच्या दारात पोचली, तेव्हा तिचे दोन्ही बूट भरलेले होते.

"आधी कागद द्या," आतून कुणीतरी मराठीत म्हणालं. "बूट वाळतात."

"मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"डबक्यात पाय पडल्यावर तुम्ही 'अगंबाई' म्हणालात."

हा पुरावा तिला मान्य करावा लागला. आणि मग, कोणत्याही पुराव्याशिवाय, त्या माणसाचं हसणं छान आहे हेही मान्य करावं लागलं.

त्याचं नाव नागेश, गाव राजापूरजवळचं, काम नकाशे आणि आराखडे काढण्याचं. सुचित्रा शारजात वाढलेली, अल नहदाला आईवडिलांसोबत राहणारी, आणि जवळच्याच प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडणारी. फुटेपर्यंत कशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही तिची नोकरी होती आणि स्वभावही.

नळीतले कागद तिच्या साहेबांचे होते. मिस्टर विन्स्कोम मार्चअखेर निवृत्त होऊन इंग्लंडला परतणार होते. त्यांचे एक पूर्वज, सर ॲडम विन्स्कोम, यांना आठव्या हेन्री राजानं 'सर' केलं होतं. त्यांच्यापासून स्वतःपर्यंतची वंशावळ साहेबांनी चाळीस वर्षं गोळा केली होती. ती आता एका मोठ्या कागदावर उतरायची होती. चुका शोधायला त्यांनी सुचित्राला नेमलं. अधिक निर्दय माणूस त्यांच्या ओळखीत नव्हता.

"नियम ऐका," ती म्हणाली. "दोन स्वतंत्र पुरावे असतील तर सलग रेघ. एकच असेल तर तुटक रेघ. लग्नाला जोडरेघ."

"आणि पुरावा नसेल, पण मनापासून वाटत असेल तर?"

"तर काहीच नाही. कोरा कागद."

"अवघड आहे तुमच्या जातीच्या लोकांचं."

"कोणत्या जातीच्या?"

"सायन्सवाल्या," नागेश गंभीरपणे म्हणाला, आणि तिच्यापुढे चहा सरकवला.

गुरुवारी प्रयोगशाळा अर्धा दिवस असे. ती दर गुरुवारी येऊ लागली. तो पेनातली शाई झटकायचा, डोकं जरा कलतं करून रेघ ओढायचा, आणि रेघ संपेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. आपणही तेवढा वेळ श्वास घेत नाही, हे सुचित्राला तिसऱ्या गुरुवारी ध्यानात आलं. तिनं त्याची नोंद केली. निष्कर्ष मात्र काढला नाही.

आठव्या गुरुवारी घोटाळा झाला.

"हे पाहा," ती चर्चच्या नोंदवहीची झेरॉक्स दाखवत म्हणाली. "सर ॲडमचं लग्न, तीस एप्रिल १५४१. मुलाचं बारसं, वीस फेब्रुवारी १५४१. लग्नाच्या दहा आठवडे आधी! म्हणजे हा मुलगा त्या लग्नातला नाही. वारसाची रेघ इथे तुटते." तिनं लाल पेन्सिलीनं फुली मारली. "खलास."

"साहेबांना सांगणार?"

"सोमवारी, सव्वीसला कागद द्यायचाय. सांगावंच लागेल."

"चाळीस वर्षं जमवलंय हो त्यांनी."

"मग काय, खोटं लिहू?"

नागेश त्या फुलीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मंगळवारी मी पण चाललोय गावाला. महिनाभर. आईनं एक मुलगी बघून ठेवलीय…"

"अरे वा!" सुचित्रा म्हणाली. फार पटकन म्हणाली. "अभिनंदन."

घरी जाताना ती शारजाची बस सोडून चुकीच्या बसमध्ये बसली. सहा वर्षांत प्रथमच.

नवव्या गुरुवारी नागेशनं टेबलावर स्वतःची एक फाइल ठेवली. आत त्याच्या वडिलांच्या, दौलतरावांच्या वहीतलं एक पान होतं. मोडी वळणाच्या देवनागरीत दोन ओळी: शके १८९३, वैशाख, लग्न. शके १८९३, माघ, नागेशचा जन्म.

"शाळेतल्या कारकुनानं दोन्हीकडे अठ्ठ्याहत्तर मिळवले," तो म्हणाला. "दोन्ही १९७१. म्हणून कागदोपत्री माझा जन्म फेब्रुवारी ७१चा, आणि आईबाबांचं लग्न एप्रिल ७१चं. लग्नात मी जवळजवळ तीन महिन्यांचा होतो, मॅडम. जेवलो असेन बहुतेक."

"पण… माघ वैशाखानंतर येतो," ती थांबत म्हणाली. स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर तिला आठवलं. "शक पाडव्याला बदलतो. म्हणजे फेब्रुवारी ७२."

"आणि सर ॲडमच्या गावाचा पाडवा कधी?"

"साम्य म्हणजे पुरावा नव्हे, नागेश."

"माहीत होतं हे म्हणणार." त्यानं चर्चच्या वहीच्या झेरॉक्समधलं पुढचं पान उघडलं. बारशांच्या नोंदी एकाखाली एक होत्या: चोवीस मार्च १५४१. त्याच्याच खाली, त्याच हाताची, पंचवीस मार्च १५४२.

सुचित्रानं ते तीनदा वाचलं. वर्ष पंचवीस मार्चला बदलत होतं! मुलाचं बारसं लग्नाआधी नव्हतं. लग्नानंतर जवळजवळ दहा महिन्यांनी होतं. साडेचारशे वर्षांपूर्वी इमानानं संसार करून गेलेल्या बाईवर तिनं लाल फुली मारली होती.

"रबर द्या," ती म्हणाली. फुली खोडताना तिचे कान तापले होते. "मी चुकले."

"हे लिहून देता का? फ्रेम करतो."

सोमवारी सकाळी मिस्टर विन्स्कोमनी कागद पाहिला. फुलीची हकीकत तिनं स्वतःच सांगितली. ते खूप हसले. मग चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

तो सव्वीस मार्च होता. सर ॲडमचा पाडवा काल झाला होता. सुचित्राच्या घरच्या बाल्कनीत, बाराव्या मजल्यावर, गुढी आज उभी होती. लाखातला योगायोग नव्हे. साधारण तिसातला एक. तरीही दुपारी ती आईनं दिलेला श्रीखंडाचा डबा घेऊन छापखान्यात गेली. कोपऱ्यात नागेशची बॅग भरून ठेवलेली होती.

"उद्या जा," ती म्हणाली. "पण ती मुलगी… बघू नका."

नागेशच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "पुरावा?"

"आहे." तिनं डबा टेबलावर ठेवला. "माझं काम चार फेऱ्यांचं होतं. मी नऊ गुरुवार आले. हवं तर तुमच्या दारावरच्या वहीतल्या सह्या मोजा."

"हा एकच झाला. तुटक रेघ."

"माहीत आहे," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

नागेशनं ड्रॉवर उघडला आणि एक गुंडाळी तिच्यासमोर पसरली. तीच वंशावळ, पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण; फक्त वारसाची ती एक रेघ, पुरावा तपासायचा राहिला म्हणून, मोकळी. खाली त्याच्याच बारीक अक्षरात तारीख: आठ फेब्रुवारी.

"तिसऱ्या गुरुवारीच झाली होती," तो म्हणाला. "नंतर रोज दुकान बंद झाल्यावर दुसरी प्रत काढत होतो. हळूहळू. तुम्ही येत राहावं म्हणून."

सुचित्रानं तारीख पाहिली. शाई पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं.

"दोघांनी एकमेकांना विचारून ठरवलेलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे पुरावे स्वतंत्र आहेत."

"म्हणजे सलग रेघ?"

"नाही," सुचित्रा म्हणाली, आणि त्याच्या हातून पेन घेऊन तिनं कोऱ्या कागदावर दोन नावं लिहिली. मग श्वास रोखून, त्यांच्या मधे, अगदी काळजीपूर्वक, जोडरेघ ओढली.