बारा वितींची मांडणी

काखेत निवडुंगाची कुंडी धरून पेमकित लेप्चा कालिम्पोंगच्या हार्डवेअर दुकानात एका लोखंडी रॅककडे टक लावून बघत होती, तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, "गंजेल."

"कोण, निवडुंग?"

"नाही… रॅक. काचघरात ठेवणार ना? धुपीच्या झाडाचं लाकूड घ्या, ओलाव्यात टिकतं. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवली की पाणी निथळतं."

हा प्रवेश घिसिंग. हातात एक बिजागरी, केसांवर धुक्याचे थेंब.

"बनवून द्याल, दाजू? बारा वीत लांब हवी."

'दाजू', म्हणजे थोरला भाऊ, हे ऐकताच त्याच्या हातून बिजागरी खाली पडली. "देतो," तो बिजागरीकडे बघत म्हणाला.

मांडणी होईपर्यंत काचघरातले आईचे एकशे चाळीस निवडुंग घरात राहायला आले. चौदा तर आईच्याच पलंगावर. त्यांच्या पायथ्याशी ती अंग चोरून झोपायची, पण तिची तक्रार सुताराबद्दल होती. "दोन दिवसांचं काम आणि तिसरा आठवडा!"

प्रवेश रोज संध्याकाळी येई, एक पट्टी ठोकी, दोन काढी. या वेगानं लाकडाचं पुन्हा झाड व्हायला हवं होतं. बाजारातला कुणीही परका पेमकितला 'बहिनी' म्हणे. हा मात्र तिला चुकूनही बहीण म्हणत नसे. नुसता बघे… आणि हातोडी स्वतःच्या अंगठ्यावर मारी. हा लाकडासाठी येतो की माझ्यासाठी? तिला काही उमगेना. आज तर मांडणी पूर्ण होणार होती. उद्यापासून तो कशाला येईल?

मांडणी काचघरात सरकवली. दार लागेना. उरलेली मांडणी अंगणात धुकं खात उभी.

"बारा वीत सांगितलं होतं!"

"बाराच आहे." त्यानं मोजून दाखवली. बारा.

तिनं मोजली. साडेपंधरा.

दोघं मांडणीकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "हात दाखवा."

त्यानं पंजा पुढे केला. तिनं आपला त्यावर टेकवला. तिची बोटं पेरभर आखूड… कारण सापडलं होतं, पण हात कुणीच काढेना.

"लागलं का दार?" आतून आई.

"नाही!" दोघं एकदम.

"एक सांगू?" प्रवेश पुटपुटला. "मी सुतार नाही. शाळेत शिकवतो."

"काय?"

"…गणित."

पेमकितनं पुन्हा एकदा मांडणीकडे बघितलं. "तेव्हाच सांगायचं ना!"

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही गेला असता."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "उद्या खरा सुतार बोलावते," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "बरोबर आहे. मग मी—"

"तुम्हीही या."

"मी कशाला?"

"कशालाच नाही. उद्यापासून कारण नसताना यायचं. जमेल?"

प्रवेशनं बराच विचार केला.

"जमेल," तो म्हणाला. "फक्त… त्यात मोजायचं काही नाही ना?"