शेवटची आठ मिनिटं

"सही करणार नाही," पाहुण्यांनी कागद टेबलावर ठेवला. "रेडिओवर शंभर खून केले मी. एकही अंगाशी आला नाही. आता न केलेला येतोय."

कागद माफीनाम्याचा होता. पाहुणे रेडिओ केंद्रात पावलांचे, दारांचे, गोळीबाराचे आवाज काढत. सगळे त्यांना ठोकेमास्तर म्हणत. आज सहा वाजता जुन्या रहस्यमालिकेचा शेवटचा भाग पुन्हा लागणार होता. त्या रिळाची शेवटची आठ मिनिटं, जिथे खुनी उघडा पडतो, कुणीतरी पुसली होती.

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: मास्तर, रिळं सांभाळणाऱ्या बाई आणि केंद्राचे प्रमुख, साहेब. सही केली नाही, तर मास्तरांना केंद्राची पायरी बंद.

"मालिका लिहिली कुणी?" वहिनींनी विचारलं. दारावरची 'खासगी तपास' ही पाटी त्यांचीच.

मास्तर खाली बघू लागले. "मीच. नाव मीच सांगू देत नसे. फक्त शेवटच्या भागात, अगदी सुरुवातीला सांगितलंय."

"मग स्वतःचंच कशाला पुसाल?" वहिनींचे दीर आणि मदतनीस, भावजींनी विचारलं.

"शेवटाला माझे आवाज फसले म्हणून लाजेनं पुसला, म्हणतात साहेब. शेवट फसला असं मला वाटायचं, हे खरं."

केंद्रावर बाई ठामपणे म्हणाल्या, "पोटच्या पोराचा गळा कुणी दाबतं का? रीळ वाजलं की तसंच ठेवायचं, शेवट बाहेर, सुरुवात पोटात. पुन्हा लावताना आधी मागे गुंडाळायचं. मास्तरांनीच शिकवलं मला. साहेब म्हणाले, ते पुसलेलं रीळ फेका. नाही फेकलं."

साहेब सहा महिन्यांपूर्वी सिमेंटच्या कंपनीतून आले होते. टेबलावर छपाईला निघालेल्या पुस्तकाची पानं होती. त्याच रहस्यकथा, लेखक म्हणून साहेबांचे वडील.

"ते इथले प्रमुख होते. गोष्टी त्यांच्याच," साहेब म्हणाले.

"तुम्हाला रीळ लावता येतं?" वहिनींनी विचारलं.

"लावायचं नि बटण दाबायचं. त्यात कसली विद्या?"

बाहेर येताच भावजी कुजबुजले, "मला बाईंचा संशय येतो."

"मागच्या वेळी तुम्हाला पोस्टमनचा आला होता, भावजी."

साडेपाचला वहिनींनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं.

"सगळे विचारतात, शेवट कुणाला नको होता? असं कुणीच नव्हतं. पुसणाऱ्याला नको होती ती सुरुवात, कारण तिथे लेखकाचं नाव आहे. कुणी ऐकू नये म्हणून त्यानं आवाज बंद ठेवला, आणि बाहेरचं टोक म्हणजे सुरुवात समजून पुसत सुटला. मास्तर आणि बाई ही चूक झोपेतही करणार नाहीत. 'लावायचं नि बटण दाबायचं' एवढंच ज्याला ठाऊक, तोच करेल. आणि ते नाव फक्त त्याच्याच पुस्तकाच्या आड येतं, साहेब."

"पुरावा?"

बाईंनी रीळ मागे गुंडाळून लावलं. सुरावट वाजली. मग लेखकाचं नाव आलं, मास्तरांचं, स्वच्छ.

साहेबांचा चेहरा उतरला. "तरी शेवट नाहीच. कार्यक्रम रद्द."

मास्तरांनी माफीनामा चार तुकडे करून त्यांच्या हातात दिला. "शेवट मला पाठ आहे."

"फसलेला?"

"लोकांना ठरवू द्या."

बाईंनी साहेबांना बाहेरची वाट दाखवली आणि स्टुडिओचं जाड दार लावून घेतलं.

सहा वाजता मालिका लागली. जिथे रीळ मुकं झालं, तिथे खडीच्या ट्रेमध्ये जुने बूट सावकाश चालू लागले. मग मास्तर माइकजवळ वाकले आणि त्यांनी खुन्याचं नाव घेतलं. त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही.