करपलेल्या पोळीचं कोडं

रांध्या एक पोळी मुद्दाम करपवतो, हे किमयाच्या लक्षात आलं तेव्हा ती ओट्याशी लिंबू पिळत उभी होती.

आधीच्या पोळ्या त्याने झकास भाजल्या होत्या, टम्म फुगलेल्या. शेवटची मात्र तव्यावर टाकून तो थांबला. काठ काळा झाल्यावर त्याने ती उचलली आणि झाकण न घालता खिडकीच्या वाऱ्याला ठेवली. अकरा मिनिटांनी ती गार पोळी आईच्या ताटात पडली. आईने मुकाट्याने खाल्ली.

रांध्या म्हणजे डोंगऱ्यांच्या घरातलं स्वयंपाकाचं यंत्र. कंपनीने त्याला लांबलचक, भारदस्त नाव दिलं होतं, पण अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याचं नवं बारसं केलं. अण्णा म्हणजे किमयाचे आजोबा. नाशिकच्या एका संशोधन केंद्रात तीस वर्षं त्यांनी यंत्रांना द्राक्षं पारखायला शिकवलं होतं. त्यामुळे यंत्रांचा त्यांना लळा होता आणि कंपन्यांचा राग.

तशी घरात सुखं पुष्कळ झाली होती. पूर्वी दिवा लावायला बटण दाबावं लागे. आता दिव्याला नम्रपणे सांगावं लागे आणि तो स्वतःला अद्ययावत करत असला तर अंधारात बसावं लागे. फ्रिज सकाळी सुविचार ऐकवी. रांध्याच्या खोक्यावर तर छापलंच होतं, "घरातल्या प्रत्येकाला मनासारखं."

"अण्णा, रांध्या बिघडलाय," किमया म्हणाली. "आईला रोज गार आणि करपलेली पोळी देतो. मी कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, यंत्र उत्तम चालू आहे, तन्वी डोंगरे यांचं समाधान अठ्ठ्याण्णव टक्के."

"अठ्ठ्याण्णव? मग दोन टक्के कुठे सांडले?" अण्णा चष्मा पुसत उठले. "चल, त्यालाच विचारू. रांध्या, तन्वीची पोळी करपवतोस का रे?"

"तन्वी यांची पसंती तशी आहे," रांध्या अदबीने म्हणाला. "पोळी गार, काठ करपलेला. भाजी पातेल्याच्या तळाची. भात कालचा असल्यास प्राधान्य. पहिल्या महिन्यातल्या एकतीस दिवसांच्या एकतीस नोंदी आहेत. नव्वद दिवस पूर्ण झाल्यावर पसंती कायमची पक्की होईल. नऊ दिवस उरले आहेत."

किमयाला पहिला महिना आठवला. तेव्हा रांध्या नुसता कोपऱ्यात उभा होता आणि स्वयंपाक आईच करत होती. त्याचे संवेदक (बघणारे, हुंगणारे, ऊब मोजणारे छोटे भाग) तेवढे चालू होते. आई सगळ्यांना तव्यावरची पोळी वाढायची. करपलेली बाजूला ठेवायची. सगळे उठल्यावर तीच घेऊन बसायची.

"पण तिला ती आवडते म्हणून नव्हती खात!" किमया ओरडली.

"तू शाळेच्या व्हॅनमध्ये कुठे बसतेस?" अण्णांनी विचारलं.

"मागच्या सीटवर. का?"

"रोज? मग तुला मागची सीट फार आवडत असणार."

"छे! तिथे नुसते हादरे बसतात. पुढच्या सीटवर आठवीची मुलं बसतात, म्हणून."

"आता समज, मी रांध्यासारखा आहे. मला तू दिसतेस, मागची सीट दिसते. आठवीची मुलं माझ्या वहीत नाहीतच. मी काय लिहीन? किमयाची आवड, मागची सीट. याला म्हणतात अनुमान (जे दिसलं त्यावरून बांधलेला अंदाज). यंत्राला आपण काय केलं ते दिसतं. का केलं, ते दिसत नाही. मग केलं ते आवडीनेच केलं, असं ते धरून चालतं. कंपनीलाही ते सोयीचं पडतं, कारण का हे विचारत बसायला वेळ लागतो."

"मग आपण त्याला सांगू या."

"सांगून बघ," अण्णा म्हणाले. ते मिशीत हसले ते काही किमयाला आवडलं नाही.

त्या संध्याकाळी आई पाणीपुरवठा कार्यालयातून आली तेव्हा किमयाने रांध्याला बजावलं, "आईला पहिली गरम पोळी." रांध्याने खरंच वाफाळलेली पोळी आईच्या ताटात ठेवली. आईने ती तशीच उचलून किमयाच्या ताटात टाकली. "तू खा गं, तुला गरम लागते." दुसरी आली ती बाबांकडे सरकली. तिसरी अण्णांकडे.

"बदल नाकारला गेला," रांध्या म्हणाला. "जुनी पसंती कायम."

"आई! तू सगळं बिघडवलंस!"

"अगं, मला काहीही चालतं," आई हसत म्हणाली. "एवढ्याशा पोळीचं काय घेऊन बसलीस?"

सहा दिवस असंच चाललं. किमया सांगे, रांध्या वाढे, आईचा हात आपोआप दुसऱ्याच्या ताटाकडे जाई. रांध्याचं काही चुकत नव्हतं. बोलणं आणि वागणं जुळलं नाही तर वागणं खरं मानायचं, असं त्याला शिकवलेलं होतं. किमयाला रडू फुटायचंच बाकी होतं. आईला उरलेलं आयुष्य करपलेल्या पोळ्या मिळणार होत्या, त्याही अगदी प्रेमाने करपवलेल्या.

सातव्या दिवशी ती चिडून म्हणाली, "अण्णा, यंत्र दुरुस्त होत नाही, कारण ते बिघडलेलंच नाही. बिघडलोय आपण. आई आपल्याला देते आणि आपण घेतो!"

अण्णा म्हणाले, "तुझी आजी छत्तीस वर्षं माझ्यानंतर जेवली. तिला कशी पोळी आवडायची, मला माहीत नाही गं. मी शास्त्रज्ञ माणूस, पण माझी वही या रांध्याच्याच वहीसारखी होती."

आठव्या संध्याकाळी चौघं एकदमच जेवायला बसली. रांध्याने पहिली पोळी आईला वाढली. आईचा हात सवयीने किमयाकडे वळला. किमयाने आपलं ताट दोन्ही हातांनी झाकलं. आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनीही ताट झाकलं. अण्णांनी तर ताट उचलून मांडीवरच घेतलं.

"हा काय पोरखेळ?" आई म्हणाली. "पोळी गार होतेय!"

"म्हणूनच म्हणतोय, खा," बाबा ओशाळून म्हणाले. "हे मला आधी सुचायला हवं होतं."

आईने पोळीचा तुकडा मोडला. त्यातून वाफ निघाली. पहिला घास तिने घाईने गिळला, दुसरा सावकाश चावला. डोळ्यांत पाणी आलं तसं ती म्हणाली, "भाजी तिखट झालीय." भाजी दुधी भोपळ्याची होती.

"अशी पोळी मी माहेरी खायचे," ती थोड्या वेळाने म्हणाली. "रांध्या, आणखी एक दे. आणि तूप जरा सढळ हाताने."

"तूप ही नवीन नोंद आहे," रांध्या म्हणाला. "जुनी पसंती आता पक्की होणार नाही. निरीक्षण पुन्हा सुरू."

किमयाने टाळ्या वाजवल्या. "मी मोठी झाल्यावर असं यंत्र करणार, जे आधी विचारेल, तुम्ही असं का करता?"

"जरूर कर," अण्णा म्हणाले. "मी तोवर विचारायचा सराव करतो." ते आईकडे वळले. "तन्वी, अठरा वर्षं तुझ्या हातचा चहा पितोय. तुला कसा आवडतो गं चहा?"

आईला विचार करावा लागला. रांध्याचे सगळे संवेदक तिच्याकडे वळले.

"आलं घातलेला," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कुणीतरी केलेला."

रांध्या पातेलं घ्यायला पुढे झाला. अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि स्वतः उठले. "किमया, आलं कुठे असतं गं आपल्याकडे?"