पास बाहेर आहे

हे घडलेलं आहे. रचून सांगायची माझ्यात कुवत नाही. आयुष्यभर छापखान्यात बसून दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं, स्वतः एक पान लिहिलं नाही. त्यामुळे सांगताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या. पण घडलं त्यात पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. अंधार पडायचा होता. जागा म्हणजे माझ्या नातीची शाळा, पाचवी ते आठवीची. दुसऱ्या मजल्यावरचा सहावी ‘ब’चा वर्ग.

अशा गोष्टींत लोकांना स्मशान लागतं. मला पालकसभा पुरली.

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. अंगाने बारीक, सतत काहीतरी ओढून नेत असते म्हणून. ही मुंगी एकाएकी पाणी प्यायची बंद झाली. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत यायची. मग ताप आला. ओटीपोट दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्या सुनेकडे रागाने बघितलं.

“ही पोर लघवी दाबून ठेवते. रोज. असंच चाललं तर पुढच्या वेळी इथे आणू नका, थेट हॉस्पिटलात न्या. मूत्रपिंडाशी खेळ आहे हा.”

घरी आल्यावर सुनेने मुंगीला जवळ घेतलं.

“का गं जात नाहीस?”

“पास बाहेर असतो.”

या पासाबद्दल सांगायला हवं. शाळेकडून दरवर्षी एक नियमपुस्तिका घरी येते. गुळगुळीत कागद, वर हसणारी मुलं. ती मुलं या शाळेतली नसावीत. या शाळेत इतकं हसायची परवानगी नाही. मोजे कुठपर्यंत, रिबीन किती रुंद, जिन्यात-व्हरांड्यात कुठल्या बाजूने चालायचं, सगळं त्यात आहे. लघवीला जाण्याला त्यात ‘प्रसाधन सुविधेचा शिस्तबद्ध वापर’ असं म्हटलं आहे. असं वाक्य लिहिणाऱ्या माणसाला कधी लघवी लागत नसावी.

तर शिस्त अशी. प्रत्येक वर्गाला एकच पास. पास म्हणजे पाटीएवढी लाकडी फळी, लाल रंगाची, वर वर्गाचं नाव, गळ्यात घालायला दोरी. ती फळ्याशेजारच्या खुंटीवर असते. ज्याला जायचं त्याने गळ्यात घालून जायचं. ती खुंटीवर परत येईपर्यंत दुसऱ्या कुणी जायचं नाही.

“चालताना ती बटणांवर आपटते, आजोबा,” मुंगी म्हणाली. “टक टक टक. सगळ्या वर्गांना कळतं कोण चाललंय.”

गुरांच्या गळ्यात निदान घंटा तरी असते.

“मग पास नेतं कोण, दिवसभर?” मी विचारलं.

“कोणी नाही.”

“म्हणजे?”

“सगळे वर्गातच असतात. पण खुंटी रिकामी असते. बाई म्हणतात, पास बाहेर आहे, बसून राहा.”

“आणि परत कधी येतो?”

“शाळा सुटताना बघितलं तर असतो.” तिने हात फ्रॉकला पुसले. “ओला…”

सुनेला वाटलं, कुणीतरी कार्टं खोड्या करतंय. मलाही तेच वाटलं. शाळा बदलायचा विचार केला, तर वर्षाच्या मध्यावर दाखला मिळत नाही. हाही नियमच.

सभेच्या दिवशी मुलगा परगावी होता, सुनेची दवाखान्यात कामाची पाळी होती. ती चपला घालता घालता म्हणाली, “बाबा, जाल ना? आणि बोलाल ना? नुसते बसून येऊ नका हं.”

तिला माझा स्वभाव माहीत आहे.

मी गेलो. बाकं मुलांची. गुडघे छातीला लागत होते. भोवती सगळे पालक तसेच, अंग चोरून. मुख्याध्यापिका, ज्यांना मुलं मोठ्या बाई म्हणतात, त्या उभ्या राहून शाळेच्या सोयी सांगत होत्या. नवे कॅमेरे, नवा पडदा, बागेत कारंजं. कारंज्याला पाणी होतं, एवढं मी मनात टिपून ठेवलं.

बऱ्याच वेळाने मी हात वर केला. घसा कोरडा पडला होता.

“माझी नात… म्हणजे, ते पासाचं जरा…”

“बोला ना, आजोबा. मोठ्याने.”

मी कसंबसं सांगितलं. मुलं सगळी वर्गात असतात आणि पास मात्र नसतो, असं.

मोठ्या बाई हसल्या. लहान मुलाला हसावं तशा.

“आजोबा, पास स्वतःच्या पायांनी जात नाही. पास बाहेर असेल तर कोणीतरी बाहेर आहे. इतकं साधं आहे.”

एक टायवाले गृहस्थ म्हणाले, “आमच्या ऑफिसात लावा हो असला पास! अर्धी माणसं सापडतील.”

सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो. स्वतःची किळस यायची ती तिथून सुरू झाली.

आणि मला जायची वेळ झाली.

माझ्या वयाच्या पुरुषांना सांगायला नको. ती वेळ झाली की झाली. मी हळूच उठून वर्गशिक्षिकेला विचारलं. त्या गोंधळल्या. पाहुण्यांचं स्वच्छतागृह खाली होतं, तिथे रंगकाम चालू होतं. मोठ्या बाईंना मात्र संधी मिळाली.

“मजल्यावरचं वापरा की. पास घेऊन जा! पालकांनी नियम पाळला तर मुलं पाळतील.”

टाळ्या पडल्या. हो, टाळ्या.

मी खुंटीकडे वळलो.

खुंटी… रिकामी होती.

सभा सुरू होताना फळी तिथे होती. मी स्वतः बघितली होती, कारण तिच्याचसाठी मी आलो होतो. दार माझ्या बाकाशेजारी. कुणी उठलं नव्हतं.

“पास बाहेर आहे,” वर्गशिक्षिका म्हणाल्या. सवयीने. म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

“मग कोणीतरी गेलं असेल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “बसा, आजोबा. आला की जा.”

शिकलेली, कमावती, मोठी माणसं. सगळ्यांना दिसत होतं की सगळे जागेवर आहेत. कुणी चकार शब्द काढला नाही. आणि मी?

मी बसलो.

पाय आवळून, बाकाची कड धरून बसलो. मुंगी रोज कशी बसत असेल ते मला तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र मी उठलो आणि कुणाकडे न बघता बाहेर पडलो. आयुष्यात मोडलेला माझा पहिला नियम तो असावा.

व्हरांड्यात कुणी नव्हतं. जिन्याशेजारीच मुलांची स्वच्छतागृहं होती. आधी मोकळा झालो. भुताखेतांचा विचार त्यानंतर.

हात धूत होतो तेव्हा ऐकू आलं…

टक… टक… टक…

सावकाश. दाराबाहेरून पुढे गेलं. मी डोकावलो.

व्हरांडा रिकामा. पण आवाज चालत होता. पावलांचा आवाज नव्हता. फक्त ती फळी, बटणांवर आपटणारी. उजव्या बाजूने, भिंतीच्या कडेकडेने. पुस्तिकेत सांगितलंय तशी.

टोकाला एक बंद खोली होती. दाराला कुलूप, वर पाटी : ‘वापरात नाही’. आवाज तिथवर गेला आणि थांबला.

मी का गेलो मागे? मला अजून उमगलेलं नाही. मी धीट माणूस नाही. पण ज्याच्यामुळे माझी नात आजारी पडली ते कार्टं सापडेल, असंच तेव्हाही वाटत होतं.

दारापाशी पोचलो. आतून पाणी ठिबकत होतं.

आणि मग…

“पास आहे हो माझ्याकडे…”

मुलीचा आवाज. मुंगीच्याच वयाचा. रडका नव्हता, तेच वाईट होतं. अगदी नम्र. बाईंशी बोलावं तसा.

“खरंच आहे, बाई. बघा ना…”

दाराखालच्या फटीतून लाल फळी बाहेर सरकली.

मी ती उचलली. सहावी ब. दोरी भिजून चिंब झाली होती. आणि… कोमट. नुकतीच कुणाच्या गळ्यातून काढावी तशी.

मी ओरडलो असेन, कारण शिपाई धावत आला. मुलं त्याला किल्लीमामा म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा घोस आणि चेहऱ्यावर शाळा आपल्याच मालकीची असल्याचा भाव.

“आत मुलगी आहे. उघडा आधी!”

“काय आजोबा, पाइप वाजतात ते.”

“पाइप बोलतात का?”

त्याने कुरकुरत कुलूप काढलं. आत मोडकी बाकं रचलेली. संडासाची भांडी काढून टाकलेली, नळ उपटलेले, पाइप कापून तोंडं बुजवलेली. जमिनीवर धुळीचा थर. पाऊल नाही. पाण्याचा थेंब नाही.

फक्त दाराच्या आतल्या बाजूला, खाली, रंग खरवडलेला होता. लहान हात पोचेल तेवढ्याच उंचीवर.

“हे काय?” मी विचारलं.

“उंदीर.” त्याने घाईने दार ओढलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. मग माझ्या हातातल्या फळीकडे लक्ष गेलं आणि त्याचा तोरा उतरला.

“ती जागेवर लावा. खुंटीवर. घरी-बिरी नेऊ नका, काय?”

“का?”

“नियम आहे,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

वर्गात परतलो तर मोठ्या बाई कारंज्याच्या विषयावर परत आल्या होत्या. माझ्या हातात फळी बघून म्हणाल्या, “आला ना पास? उगाच घाबरवता.”

मी सगळ्यांसमोर विचारलं.

“त्या बंद खोलीत कोण अडकलं होतं?”

वर्गशिक्षिका खिडकीबाहेर बघायला लागल्या.

“आजोबा,” मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, “अफवांबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र कलम आहे. वाचून घ्या.”

तेव्हा माझ्या मनात जी तुच्छता दाटून आली ती मला कागदावर मांडता येणार नाही. इतक्या माणसांतून एकानेही ‘कोण हो?’ एवढं विचारलं नाही. मी फळी पिशवीत टाकली, वाचनालयाच्या पुस्तकाशेजारी, आणि निघालो. फळीच नसेल तर हा खेळच संपेल, असा माझा हिशेब.

शाळेने दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकचा पिवळा पास केला. तो मात्र कधी हरवला नाही. मुंगी पाणी प्यायला लागली. बाटली रिकामी येऊ लागली. चेहऱ्यावर रंग परतला. सून म्हणाली, “बाबा, तुम्ही कमाल केलीत.” फळी मी माझ्या पुस्तकांच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला टांगली होती.

मग एका दुपारी खिळा… रिकामा दिसला.

आमच्या बाथरूमचं दार आतून बंद होतं. घरातले सगळे समोर बसलेले. आत पाणी ठिबकत होतं. थोड्या वेळाने दार उघडं, आणि फळी खिळ्यावर. ओली.

मी कुणाला न सांगता बाथरूमची कडी काढून टाकली. पुन्हा कुणी आत अडकू नये, एवढंच डोक्यात होतं. सून वैतागली. “बाबा, हे काय भलतंच! माणसांनी जायचं कसं?” मी काहीतरी पुटपुटलो. त्यानंतर दार लोटलेलं असलं आणि खिळा रिकामा असला की मी थांबायचो. मुंगीही थांबायची. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

एकदा मी दारापाशी चुळबुळत होतो तर ती म्हणाली, “थांबा ना, आजोबा. तिला जाऊ दे आधी. ती आपल्यापेक्षा जास्त थांबलीये.”

इथे दारं कधी अडकली नाहीत. कुणी खरवडलं नाही. आम्हाला सवय झाली होती. सवय हा शब्द लिहिताना लाज वाटते, पण झाली होती.

मागच्या आठवड्यात सुनेची बहीण राहायला येणार होती. सुनेने सुताराला बोलावून बाथरूमला नवी कडी बसवून घेतली. भक्कम, पितळेची. मी समोर उभा होतो. ‘नको’ एवढाच शब्द बोलायचा होता. सुतारासमोर कसं बोलणार, म्हणून बोललो नाही.

माझं नेहमीचंच.

त्या दिवसापासून खिळा रिकामा आहे. फळी घरात कुठेच नाही. बाथरूममध्ये ठिबकणं नाही. सगळं शांत.

मुलाला त्या ओल्या फळीचा रागच होता. तो म्हणतो, बरं झालं, गेली ब्याद.

आज मुंगी शाळेतून आली. दप्तर ठेवलं आणि काही न बोलता आत जाऊन पडून राहिली. मी तिची पाण्याची बाटली उचलली…

जड होती.

काठोकाठ भरलेली.

“मुंगे,” मी विचारलं, “पिवळा पास हरवला का गं?”

“नाही. पिवळा खुंटीवरच असतो.” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “पण बाथरूममध्ये आत कोणीतरी असतं. दार उघडतच नाही.”

उद्या मला पुन्हा शाळेत जायचंय. मोठ्या बाईंसमोर बसून बोलायचंय. काय बोलायचं ते मनात घोळवतोय, आणि घसा आत्तापासूनच कोरडा पडलाय.

पाणी मात्र प्यायची हिंमत होत नाही.